वैरागची बाटली

पुण्याच्या कायदे कौन्सिलाच्या बैठकीहून डॉक्टर वेणीमाधवराव सकाळच्या गाडीनं आपल्या शहरी परतले आणि मागच्या दारानं तिथल्या नवी पेठेतल्या आपल्या दवाखान्यात शिरले. कोट काढतात न काढतात तोच पडद्यापलीकडून वैराग गावच्या बजाबाईचा आवाज आला. ती कंपौंडर कुंडलिकशी बोलत होती.

"ही बाटली घ्या."

"मावशी, बरं वाटलं की बाटली परत, असा हितला रिवाज हाय. ह्यात तर दोन डोस हायती. लेकीला पाजा की."

"कुटली लेक? वच्छी गेली शुक्रवारी."

"आं! दुसऱ्या डाक्टरला न्हाई दावलं?"

"आपले डाक्टर म्हनले हुते, गुरुवारी मी येतो, तवर औषध बदलू नका. म्या वच्छीला म्हनलं, कळ काढ, गुरुवारी येत्याल."

"कौन्सिल चार दिस लांबलं, मावशी. खेड्याला दवाखानं पायजेत म्हनून डाक्टर तितं भांडत हुते. वैरागचं नाव घेतलं म्हनं. पेपरात आलंय."

"वैरागचं? मग व्हनार का दवाखाना?"

"सरकार इचार करनार हाय."

"व्हऊ दे बाबा. आन एक करा. वच्छीचं डाक्टरास्नी सांगू नगा."

"का वं?"

"लई जिवाला लागंल त्यांच्या. फुडच्या बारीला भांडायला जायचेच न्हाईत."

पडदा सारायला उचललेला डॉक्टरांचा हात तसाच राहिला.

"आन त्यांनी इचारलं तर?"

"ते दोन डोस मोरीत वता. म्हनावं, वैरागची बाटली परत आली."