वळ नसलेली पाठ

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस सोनं चोरतो, बांध कोरतो, शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे पाडतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मागे दोघेतिघे हसले, म्हणजे चांगलंच ठाऊक आहे! पण दुःख? न भोगलेलं दुःख ‘माझं’ म्हणून मिरवता येतं का? आणि त्या दुःखाला लोकांनी हार घातले, तर पाप कुणाचं? मिरवणाऱ्याचं, की हार घालणाऱ्याचं?

लगेच उत्तर देऊ नका. उत्तराची घाई हाच आपला रोग आहे. आधी गोष्ट ऐका.

इचलकरंजी तुम्ही पाहिलीय. गल्लीत शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट, माणसाला माणसाशी ओरडून बोलावं लागतं. तिथे रामलिंग म्हेतर नावाचा गृहस्थ. कारखान्यात जॉबर – म्हणजे माग अडला की त्याच्या पोटात हात घालून चालू करणारा. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. व्यसन म्हणाल तर चहा. तोही बिनसाखरेचा, कारण बायकोला साखरेचा आजार जडला आणि तिला एकटीला कडू चहा नको म्हणून यांनीही साखर सोडली.

त्या माउलीचं नाव शेवंता. आजार वाढला, मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा तिला मिरजेला न्यायचं, यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, परत आणायचं. एसटीत जागा मिळाली नाही की अण्णा दांडीला धरून उभे राहायचे आणि तिला आपल्या अंगाचा टेकू द्यायचे. सुई टोचताना ती तोंड फिरवायची, तेव्हा म्हणायचे, “झालं हं, आता थोडंच.” असं तीन वर्षं केलं. मग ती गेली. मागे राहिले अण्णा आणि मुलगा सुदर्शन.

आता आपली गोष्ट या चिरंजीवांची!

पोराचा कान मोठा तयार. आपल्याला मागाचा खडखडाट ऐकू येतो, त्याला त्यात ठेका ऐकू यायचा. मोबाईलवर तो आवाज धरायचा, कॉम्प्युटरवर त्याचे तुकडे करायचे, त्यात हलगी मिसळायची आणि वर बोलायचं, यमक जुळवून, झपाझप. याला रॅप म्हणतात. आजोबा, तोंड वाकडं करू नका. ठेक्यावर बोलायचं आणि लोकांना डोलवायचं – आम्ही इथे कीर्तनात दुसरं काय करतो? फरक इतकाच की आमच्या गळ्यात वीणा असते, त्याच्या गळ्यात साखळी!

त्यानं कुठंसं बघितलं की अमेरिकेतही एक दक्षिण आहे. तिथल्या पोरांच्या हेलाला मोठ्या शहरातले हसायचे, आणि त्याच हेलात गाऊन त्या पोरांनी सगळ्यांना गप्प केलं. सुदर्शन म्हणाला, मग आम्ही महाराष्ट्राची दक्षिण! पुण्या-मुंबईचं बोलणं नको, आपलं रांगडंच ठेवायचं. एक खोली घेतली, भिंतींना गाद्या ठोकल्या, दारावर पाटी लावली – ‘दक्षिणवाले रेकॉर्ड्स’. स्वतः गायचा, दुसऱ्यांची गाणीही करून द्यायचा. मागावर गाणं, यात्रेवर गाणं, मिसळीच्या कटावरसुद्धा गाणं. मी ऐकलीत. निंदा करायला उभा आहे, तरी खरं ते बोलतो: चांगली होती. त्यात इचलकरंजी होती.

पण चांगलं ऐकतो कोण? मोबाईलवर बोट फिरवून लोक पुढे जात.

मग मुंबईहून एका कंपनीचे साहेब आले. गाणी ऐकली, मान डोलावली आणि म्हणाले, ठेका कडक आहे, पण यात तुझी जखम कुठंय? लोकांना जखम लागते.

सुदर्शन घरी आला आणि स्वतःचं बालपण उलटंपालटं करून जखम शोधायला बसला. आता बघा, कशी वेळ येते माणसावर! देवानं बरा बाप दिला, तर हा कपाळाला हात लावून बसलाय – अरेरे, माझ्या बापानं मला मारलं कसं नाही? आठवून आठवून एकदा सापडलं. न सांगता विहिरीवर पोहायला गेला, तेव्हा अण्णांनी एक चापट दिली होती. आणि चापट देऊन अण्णाच रडले होते. याचं काय गाणं करणार? आईचं दुखणं होतं, पण त्यात कुणी दुष्ट नव्हता. दुष्टाशिवाय गाण्याला दणका नाही!

मग यानं दुष्ट तयार केला. घरातलंच माणूस घेतलं, लांब कशाला जायचं.

*बाप माझा प्यायचा, पट्टा काढायचा,*
*आईच्या पाठीवर पाढे गिरवायचा,*
*ती गेली मुक्यानं, मी राहिलो वळ,*
*बोल रे दक्षिण, बोल माझं बळ!*

‘मी राहिलो वळ’. पट्ट्यानं पाठीवर उठतो ना, तो वळ. तेच यानं नाव घेतलं. सुदर्शन म्हेतर संपला, वळ जन्मला. लिहिताना मनाला म्हणाला, हे गाणं आहे, गाण्यातला ‘मी’ म्हणजे मी थोडाच? इथवर आपण त्याला माफ करू. कला म्हणून सोडून देऊ.

पण गाणं पेटलं. रिक्षात, टपरीवर, वरातीत. वरातीत, मंडळी! नवरी मांडवाच्या दारात आणि बाहेर ‘ती गेली मुक्यानं’वर वऱ्हाड नाचतंय! मग मुलाखत झाली. समोरच्या बाईनं हळू आवाजात विचारलं, हे सगळं तुमच्याच घरातलं ना? तिथे क्षणभर दार उघडं होतं. ‘नाही’ म्हणायला जीभ एकदा टाळूला लावावी लागते, बस. पण यानं मान खाली घातली, डोळे पुसले आणि गप्प राहिला. तोंडानं एक शब्द खोटा बोलला नाही, आणि बापाला मातीत घातलं.

अण्णांना कसं कळलं? कारखान्यात पोरं गाणं लावायची आणि अण्णा आले की बंद करायची. चहाच्या गाड्यावर बोलणं थांबायचं. इतकी वर्षं ज्या माणसाचा बिनसाखरेचा चहा गाडेवाला न विचारता ओतायचा, त्याच्याकडे तो आता चोरून बघायला लागला, हात थरथरतात का म्हणून. ज्या बायकांनी शेवंताला मिरजेला जाताना-येताना पाहिलं होतं, त्याही म्हणायला लागल्या, घरातलं घरालाच ठाऊक बाई, दार लावल्यावर आत काय चालतं कुणी बघितलंय? वा! डोळ्यांनी पाहिलेलं खोटं, आणि मोबाईलनं सांगितलेलं खरं!

अण्णांनी पोराला एकदाच विचारलं.

“सुदर्शन, त्या गाण्यातला बाप कोण रं?”

“तसं नसतं अण्णा. कलेत असतंय तसं.”

“बरं,” म्हणाले, आणि जेवायला वाढून घेतलं.

त्यानंतर गाण्यांचा सपाटाच. ‘दक्षिणवाले’ मोठी कंपनी झाली. नवी पोरं यायची, वळभाऊ त्यांना शिकवायचा – ठेका मी देतो, जखम तू आण. त्यांत कुरुंदवाडची रेश्मा पाटोळे आली. हिची गोष्ट मात्र खरी. बाप खरोखर प्यायचा, खरोखर मारायचा. वळचं गाणं ऐकून या पोरीनं एके दिवशी आईचा हात धरला आणि मामाच्या घरी निघून आली. वळला ती देव मानायची. गायची कमी, पण आवाजात अशी धार, की ऐकणारा हातातलं काम ठेवायचा.

तुम्ही म्हणाल, बुवा, मग खोट्यानं भलंच केलं की! थांबा. उंबरठा ओलांडला तो तिच्या पायांनी. ते पुण्य तिचं. त्याचा वाटा दुसऱ्या कुणी मागू नये.

नव्या स्टुडिओचं उद्घाटन होतं. भरदुपारी, मंडप, फुगे, पोरांची गर्दी. अण्णांना बोलावणं नव्हतं. पण पोराची वास्तू म्हणून ते हातात नारळ घेऊन आले. कुणीतरी कुजबुजलं, हाच तो बाप. रेश्मानं ऐकलं आणि ती सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. त्या माणसाच्या जागी तिला कोण दिसत होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

“कुठल्या तोंडानं आलाय तुम्ही? बायकोला मारून टाकलं, पोराची पाठ सोलली, आणि आता नारळ फोडायला आलाय?”

सगळे मोबाईल वर झाले. सुदर्शन चार हातांवर उभा होता. अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. आता तरी बोलेल! एवढी माणसं समोर, बाप समोर, आता तरी! सुदर्शननं मान वळवली आणि स्पीकरची वायर नीट करायला वाकला.

अण्णा काय करतील? ‘खोटं आहे’ म्हणाले तर पोरगा चारचौघांत लबाड ठरणार. त्यांनी मोठा श्वास घेतला.

“चुकलं माझं, पोरी,” म्हणाले. नारळ पायरीवर ठेवला आणि निघून गेले.

इथे कुणाच्या डोळ्याला पाणी आलं असेल तर पुसा, कारण पुढचं ऐकून ते आटणार आहे. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर फिरला आणि आमच्या चिरंजीवांनी काय केलं? त्यातला बापाचा आवाज कापून घेतला! ‘चुकलं माझं’ – एवढाच तुकडा. त्याच्यावर ठेका बांधला. नवं गाणं!

तो आवाज त्याला स्वच्छ करायचा होता. गर्दीचा गलका काढला, गाडीचा हॉर्न काढला, हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. सगळं काढल्यावर बापाचा श्वास तेवढा उरला, शब्दांच्या आधी घेतलेला. तो त्यानं ओळखला. मिरजेला आईच्या खाटेपाशी ‘झालं हं’ म्हणण्याआधी अण्णा असाच श्वास घ्यायचे. हात थांबला त्याचा. मंडळी, थांबला, नाही असं नाही. मग त्यानं तो श्वाससुद्धा ठेवून दिला, कारण ठेक्यात छान बसत होता!

सदाशिवदादा, पखवाजावरचा हात काढा जरा. इथे ठेका नको.

गाणं पहिल्यापेक्षा मोठं झालं. कोल्हापुरात मैदानावर कार्यक्रम ठेवला. माणूस मावेना. वळ मंचावर आला, दिवे लागले, आणि अण्णांचा आवाज सगळ्या मैदानावर घुमला – चुकलं माझं. हजारो गळ्यांनी तो उचलला. चुकलं माझं! चुकलं माझं! पोरं हसत होती, नाचत होती, बापाच्या आवाजाची नक्कल करत होती. सुदर्शनच्या तोंडून पुढची ओळ निघेना. हातानं खूण करून त्यानं गाणं बंद करवलं.

“ऐका,” म्हणाला. “माझ्या बापानं कधी दारूला हात लावला नाही. आईवर कधी हात उचलला नाही. मी खोटं बोललो.”

मग कुठूनसा एक आवाज आला, “वळभाऊ, काय मोठं मन!” आणि जी टाळी पडली म्हणता! त्यांना वाटलं, बघा, एवढं सोसून पोरगं बापाला झाकतंय. तो पुन्हा म्हणाला, खरंच सांगतोय. टाळी दुप्पट. तो रडायला लागला, तर बायका रडायला लागल्या. मंचामागं रेश्मानं त्याचा हात धरला आणि म्हणाली, “दादा, एवढं करूनही त्यांना झाकताय?” त्यानं शपथ घेतली, तरी ती मान हलवत राहिली. ते सगळं खोटं असेल तर मी त्या दिवशी घर कुणाच्या आधारावर सोडलं, असं तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला. अण्णा दाराशी बसून दाढी करत होते. यानं सांगितलं, अण्णा, मी सगळ्यांना खरं सांगून टाकलं.

“ऐकलं,” अण्णा म्हणाले. “दुधवाला सांगून गेला. म्हणाला, पोरगं देवमाणूस हाय तुमचं, अजून पांघरूण घालतंय.”

“मी परत सांगतो अण्णा. पेपरात देतो.”

अण्णांनी वस्तरा खाली ठेवला.

“नको. तू जेवढं खरं सांगशील, तेवढा तू मोठा होतोस आणि मी खाली जातो. आता गप बस.”

महिन्याभरात अण्णांनी इचलकरंजी सोडली. विट्याला माग आहेत, तिथे कामाला लागले. तिथे त्यांना कुणी ओळखत नाही. गाणं तिथेही वाजतं. बरोबरचे कामगार त्या बापाला शिव्या घालतात, असल्याला उभा चिरला पाहिजे म्हणतात. अण्णा मागाच्या पोटात हात घालून काम करत राहतात. आणि वळ? वळ गातोय. बापाकडं जातो तेव्हा तोंडाला रुमाल बांधून जातो, कुणी ओळखलं तर अण्णांना तेही गाव सोडावं लागेल म्हणून.

आता माझ्याकडं काय बघता? तो लबाड, कबूल. त्याच्या लबाडीवर मी थुंकतो. पण एकट्याच्या लबाडीनं एवढा मोठा माणूस गावाबाहेर जात नाही. त्याला पोचवायला गाव लागतं! शेवंताला एसटीत चढवताना ज्यांनी पाहिलं, ते बोलले नाहीत. ज्यांनी पाहिलं नव्हतं, ते बोलत राहिले. आणि मैदानात खरं उघडं पडलं, तेव्हा त्याच्यावर तुम्ही टाळी वाजवलीत! ‘आम्ही नव्हतो बुवा’ म्हणू नका. मगाशी मी त्या गाण्याच्या चार ओळी म्हटल्या, तेव्हा या मांडवात किती ओठ हलत होते ते मी इथून बघत होतो.

फुकटचा कळवळा आहे आपला. दुसऱ्याच्या बापाला शिवी दिली की आपण दयाळू! उद्या तुमच्या मोबाईलवर कुणाची सून, कुणाचा भाऊ, कुणाचा बाप असाच राक्षस होऊन येईल. खरा राक्षसही असेल, रेश्माच्या घरात होता. तिची बाजू घ्यायला धावाच. पण धावण्याआधी पाहिलेलं आठवा, न पाहिलेलं विचारा. एवढं जमत नसेल, तर दया करायला जाऊ नका. गप्प बसा.

आता हात जोडा. देवाचं नाव घ्यायचंय, पण लगेच नको. आधी आपापल्या बापाचं नाव मनात घ्या – जसा होता तसा, वाढवू नका, कमी करू नका. घेतलं? मग आता बोला, विठ्ठल.