ताडावरची तुरुमती

एकासण्याचा, दिवसातून एकदाच जेवायचा दिवस होता. नंदुरबारच्या स्टँडवर हुलासबाई माळ जपत बसल्या होत्या, पण कान शेजारच्या बाकावर होता. तिथे कोरीटच्या जसोदाबाई आपल्या विहिणीला गावी न्यायला आल्या होत्या.

"जसोदाबाई, खरं सांगा, मन्ही हेमांगीनी काय चुकी करी?"

"सासरासमोर तोंड उघाडं!"

"अरे देवा! लग्नाले दोन महिनाबी नही व्हयनात!"

"ऐका तर. आमना ताडवर घरटं शे. तुमना व्याही म्हनेत, शिकरा शे, कोंबडीना पिलं उचलस, पाडी टाका. माणूस कुऱ्हाड लीसन चढाले लागना. तशी तुमनी पोर पदर सावरत अंगणमा उनी. 'आबा, थांबा. हाई शिकरा नही, तुरुमती शे.'"

"सर्वास्समोर?"

"सर्वास्समोर! 'डोकं दखा, तांबडं. डोळा काळाभोर, शिकराना पिवळा ऱ्हास. पंख कसा टोकदार शेतस! हाई जोडी चिमण्या धरस, तीबी उडता उडता. आपली कोंबडीकडे दखसबी नही.'"

"आणि व्याहीबुवा?"

"बसनात ताडखाले, मान वर करीसन. जोडीनी हवामाच चिमणी धरी, तवय उठनात. कुऱ्हाडवालाले चहा पाजीसन घर धाडी दिधं. आते गल्लीमा सर्वास्ले सांगी ऱ्हायनात, मन्ही सूननी वळखी."

"मंग माले कसाले बलावं?"

"मी नही, त्यासनीच बलावं. म्हनेत, पिलं उडी जातीन, त्याना पहिले विहीणबाईले लई ये. पोर विहीणबाईनी शे, त्यासले हाई जोडी दखाडानीच शे."