चटणी कुटताना ऐकलेली कादंबरी

ही मिक्सरची शेंगाचटणी खाल्ली की मला वडिलांची कादंबरी आठवते. पंच्याहत्तरच्या सुमाराला शुक्रवार पेठेत आई चटणी उखळात कुटायची आणि अण्णा शेजारी बसून तिला आपलं लिखाण वाचून दाखवायचे. प्रकाशकानं बजावलं होतं, निम्मी करा, तरच छापतो. अण्णांना एक ओळ गाळवेना. शेवटी त्यांनी आईलाच विचारलं, "किती ठेवू?"

"कुटायचं थांबून मी ऐकत बसले, तेवढी ठेवा की."

"आणि बाकीची?"

"ती वाचलीत तेव्हा चटणी लई बारीक झाली."

अण्णा रुसले, पण कात्री लावली. पुस्तक निघालं. पुढं दुसरी कादंबरी लिहिताना, चटणीत अख्खा शेंगदाणा दाताखाली आला की अण्णा गुपचूप हसायचे आणि आणखी एक भाकरी मागायचे.