हिचा मेंटेनन्स कमी वाटतो

बायको : बॅग सोडा. ग्रीस लागतंय.

नवरा : लागू दे. आधी सांग, बहिणीकडे किती दिवस?

बायको : परत यावंसं वाटेपर्यंत.

नवरा : अगं, पण झालं काय? बरं चाललंय की आपलं. एवढ्या वर्षांचा संसाराचा गाडा, कधी बंद पडला का?

सासू : काढला गाडा. लग्न ठरलं तेव्हा मला म्हणाला होता, "आई, हिचा मेंटेनन्स कमी वाटतो."

नवरा : आई, तू मध्ये पडू नकोस.

सासू : मध्ये कुठे? मी पलंगावर पडलेय. हिच्याबरोबर जायचं की तुझ्या हातचं खायचं, ते मलाही ठरवायचंय.

बायको : मागे मी म्हटलं, माझा जीव गुदमरतो या घरात. काय म्हणालात?

नवरा : आता कुठलं आठवायला.

बायको : "जुनं झालं की थोडा आवाज येणारच."

सासू : आणि रडली तेव्हा, "गळती लागली."

नवरा : गंमत केली गं. दिवसभर गाड्यांखाली पडलेला माणूस, तोंडात तेच येणार.

बायको : तोंडात आलं तर मी हसलेही असते. तुमच्या डोक्यात तेच बसलंय. गाडी एक तर चालू, नाहीतर बंद. मी स्वयंपाक करत होते, कामावर जात होते, म्हणजे चालू. मग बघायचं कशाला?

नवरा : पण गेला महिनाभर तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

बायको : समजा गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, इंजिन फार खडखडत होतं, आता गाडी चालता चालता एकदम गप्प झालंय. तर त्याला काय सांगता? मिटलं एकदाचं?

(नवरा बॅगेवरचा हात काढतो.)

नवरा : सांगतो, हात लावू नका. आहे तिथेच थांबा, मी येतो.

सासू : म्हणजे अक्कल आहे. रोज गॅरेजात ठेवून येतो.

नवरा : बस जरा. ऐकून घेतो, मग स्टँडवर मीच सोडतो.

बायको : काय ऐकणार?

नवरा : कधीपासून होतंय हे?

बायको : हेही गॅरेजातलंच.

नवरा : मला दुसरं येत नाही गं. भीती वाटतेय मला.

सासू : मी भिंतीकडे तोंड करते. सांग बाई, काही गाळू नकोस.

बायको : लांबण आहे.

नवरा : असू दे.

बायको : हात धुऊन या आधी.