बाबांनी उघडलेले शब्द

...आणि वर मलाच म्हणते, "बाबा, तुम्ही शब्द मारता!" मी? अहो, मी पंखे-मिक्सर दुरुस्त करणारा माणूस, माझ्या हातून मेलेली मोटरसुद्धा उठून फिरायला लागते, आणि मी शब्द मारतो?

तुम्हाला सांगतो, कुठलीही वस्तू उघडून आत बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि आमची लेक कॉलेजात गेल्यापासून बोलायची ती एकेका शब्दात! "जेवलीस का गं?" "कूल." "पेपर कसा गेला?" "लिट!" एवढी बडबडी पोर, शाळेतून आली की दुकानात काउंटरवर बसून माझं डोकं खायची... फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं हो! म्हटलं, हिची भाषाच शिकू. पण नुसता शब्द उचलून काय करायचं? शब्द काय आभाळातून पडतो का?

बसलो मोबाइल घेऊन. आणि काय काय सापडलं म्हणता! 'कूल' गाजवला जॅझ वाजवणाऱ्यांनी! 'लिट' म्हणजे आता 'एकदम भारी', पण पूर्वी चक्क प्यायलेला माणूस! आणि 'डोप'? अहो, मूळ डचांचा सॉस, बुडवून खायचा! तिथून अफूचा घट्ट लगदा, आणि आता कुणाचे बूट आवडले तरी 'डोप'! अंगावर काटा आला माझ्या!

धावतच गेलो. लेकीच्या मैत्रिणी बसलेल्या, त्यांना सगळं सांगितलं, हातवारे करून! त्यातली एक हळूच म्हणते, "संपला गं हा शब्द." झालं! दुसऱ्या दिवसापासून 'डोप' बंद. 'लिट' बंद. 'कूल' तर कुणी तोंडातून काढेना! बायको म्हणाली, "अहो, तुमच्या तोंडी आला की पोरींना तो शिळा वाटतो. गप्प बसा ना जरा." गप्प कसा बसू? शब्द काय आभाळातून पडतो का?

आणि पुढे तर कमालच! पोरी आपणहून यायला लागल्या. "काका, ह्या शब्दाचा कंटाळा आलाय, एकदा समजावून सांगा ना!" मी सांगितला की तो ठार! आता रोज संध्याकाळी लेक दुकानात, काउंटरवर, पाय हलवत, अखंड बडबड... अगदी पहिल्यासारखी! मी तर हवेतच हो!

काल निघता निघता म्हणते, "बरं, 'बाबा' हा शब्द कुठून आला?"

शोधून ठेवलेलं होतं हो सगळं! अगदी जिभेवर आलं होतं...

मिक्सरचा स्क्रू आवळत म्हटलं, "तो होय? तो आभाळातून पडलाय."