कृपया शिंपले खाऊ नयेत

...आणि वर साहेब म्हणतात, ग्राहकाशी आपुलकीने बोला! आता कार्डावर छापलंय त्याच्याबाहेर एक शब्द काढायचा नाही हा नियमही त्यांचाच, मग आपुलकी कुठून आणू? कार्डावर आहे का आपुलकी? तुम्हाला सांगतो, मी शिंपले सुरक्षा विभागात फोनवर बसतो. समुद्राचं पाणी बिघडलं की शिंपल्यांत विष उतरतं, प्रयोगशाळा तपासते, अहवाल येतो, साहेब सही करतात, आणि तोवर शिंपले बाजारात जाऊन, घरी जाऊन, पातेल्यात जाऊन बसलेले असतात! मग दुकानदारांकडून गिऱ्हाइकांचे नंबर घ्यायचे आणि एकेकाला सांगत सुटायचं, 'कृपया आपण खरेदी केलेले शिंपले खाऊ नयेत. ओठ किंवा जीभ बधिर वाटल्यास त्वरित डॉक्टरांना भेटावे. धन्यवाद.' झालं. वाचायचं नि ठेवायचं. आपल्याला काय!

पण लोक ठेवू देतात का? एक आजीबाई म्हणाल्या, 'अरे बाळा, कालच संपवले की! फार गोड निघाले हो!' मी म्हटलं, 'ओठ बधिर वाटतात का?' तर म्हणाल्या, 'कवळी बसवल्यापासून सगळं बधिरच आहे, तुला कुठलं हवंय?' एक गृहस्थ म्हणे, 'आधी मांजराला घालून बघू का?' आता कार्डावर मांजर नाही! मी आपलं पुन्हा वाचलं, 'कृपया आपण खरेदी केलेले...' सुरुवातीला छातीत धडधडायचं हो माझ्या, जेवण जायचं नाही. आता काही होत नाही. बायको म्हणते, 'तुम्ही घरातही कार्ड वाचल्यासारखे बोलता.' असेल. वाचायचं नि ठेवायचं.

तर परवा भर दुपारी एक नंबर फिरवला, पलीकडून 'बोला!' असा खेकसल्यासारखा आवाज आला आणि मी गारच पडलो. दादा! माझा सख्खा मोठा भाऊ! आई गेल्यापासून आमच्यात अक्षराचं बोलणं नाही. आणि मागून वहिनींचा आवाज, 'अहो, पातेलं उतरवलंय, वाढू का?'

आता आमचा दादा म्हणजे काय चीज आहे ते ऐका. उलट्या काळजाचा नव्हे, उलट्या डोक्याचा! पूर्व म्हटलं की हा पश्चिमेला. लहानपणी आई त्याला सगळं उलटंच सांगायची. 'आज आंघोळ करू नकोस हं!' म्हटलं की हा मोरीत. 'अभ्यासाला बसलास तर याद राख!' म्हटलं की पुस्तक उघडून हजर. अख्खं घर त्याच्याशी उलटं बोलायचं. मी फक्त एकदाच सरळ बोललो, आई गेल्यावर तो बॅग भरत होता तेव्हा. म्हटलं, 'दादा, जाऊ नकोस.' गेला ना!

आणि आता ह्या माणसाला काय सांगायचं होतं मला? खाऊ नकोस! तुम्हीच सांगा, काय करायचं? फोन तर रेकॉर्ड होतोय! मी वाचलं, दुसरं काय करणार, 'कृपया आपण खरेदी केलेले शिंपले खाऊ नयेत...'

'धाकट्या, तू? तू मला खायचं नाही सांगणार? अगं, वाढ गं! दोन पळ्या जास्त वाढ!'

'दादा, अरे विषारी आहेत ते!'

'चांगले रटरटा उकळलेत!'

'उकळून हे विष जात नाही रे!'

'मग तर खाणारच!'

ताट ठेवल्याचा आवाज आला हो मला! घाबरलो, तुम्हाला सांगतो, कित्येक वर्षांनी घाबरलो. कार्ड दिलं भिरकावून आणि ओरडलो, 'खा! खुशाल खा! पोटभर खा, रस्सा ओरप, पातेलं चाटून पुसून घे!'

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, 'अस्सं! म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे. अगं, टाक ते! पातेल्यासकट टाक!'

मी फोन ठेवला आणि पाणी प्यायलो. वाचला होता माझा भाऊ.

आणि त्याने काय केलं? तक्रार केली हो माझी! 'सरकारी कर्मचाऱ्याने विषारी शिंपले खाण्याचा आग्रह केला.' लागली चौकशी! साहेबांनी दादालाही कचेरीत बोलावलं आणि सगळ्यांसमोर रेकॉर्डिंग लावलं, 'पातेलं चाटून पुसून घे!' असा माझाच आवाज खोलीभर. मी म्हटलं, 'साहेब, त्याला उलटं सांगावं लागतं.' साहेब म्हणाले, 'कार्डावर कुठे आहे तसं?' नाहीच आहे! मग दादाकडे वळून म्हणाले, 'आपण निश्चिंत राहा, ह्यांना आम्ही आजच घरी बसवतो.'

दादा ताडकन उठला. 'घरी? का म्हणून? मुळीच बसवायचं नाही! तक्रार परत घेतो मी, द्या तो कागद इकडे!'

साहेब माझ्याकडे बघतायत, मी छताकडे.

बाहेर व्हरांड्यात आलो दोघं. दादा थकलेला दिसला, केस गेलेले, गुडघा धरून जिना उतरत होता. वाटलं, धरावा हात. पण म्हटलं, आता घोळ नको, ह्या वेळी आईच्या पद्धतीनेच! चेहरा केला कडू आणि म्हटलं, 'दादा, रविवारी वहिनींना घेऊन आमच्याकडे जेवायला येऊ नकोस हं! अजिबात पाऊल टाकू नकोस!'

त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

रविवारी बायकोने पानं मांडली, मी दारात खुर्ची टाकून बसलो, आमटी दोनदा गरम झाली, ऊन पार भिंतीवरून उतरून गेलं... आणि तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात पहिल्यांदा दादाने माझं ऐकलं!