घरच्यांनाच अडवणारा वॉचमन

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायचा आहे त्या आपल्या डॉक्टरबाई, त्वचा विभागातले सहकारी आणि माझ्यासारखेच पेशंटचे आईवडील, सर्वांना नमस्कार. पालकांच्या वतीने दोन शब्द बोला, असं मला सांगितलंय. दोनात भागेलसं वाटत नाही, तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे जरा कमी बघावं.

माझी लेक लहान असताना तिचे केस पुंजक्यापुंजक्याने गळायला लागले. भांग पाडताना पहिली चकती दिसली आणि वार्षिक परीक्षेच्या आत भांग पाडायला काही उरलंच नाही. तेलं झाली, लेप झाले, शेजारणींचे सल्ले झाले. मग एका डॉक्टरांनी समजावलं, की शरीरातले सैनिक स्वतःच्याच केसांना शत्रू समजून हल्ला करतात. बरोबरच होतं ते. पण घरी येताना लेकीने विचारलं, "आई, मीच माझी शत्रू आहे का गं?" तुम्ही काय सांगितलं असतं? तिने शाळा सोडली, आरसा सोडला, अन्नावरची तिची वासनाच उडाली.

बाईंकडे आलो तेव्हा तिने त्यांनाही तेच विचारलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "सैनिक कसले गं? वॉचमन आहे तो. इमानदार आहे, पण फार घाबरट. घरच्यांनाही दारात अडवतो. तुझ्यावर राग नाहीये त्याचा, काळजी जास्त झालीय. अगदी तुझ्या आईसारखी." कितीतरी दिवसांनी लेक हसली. मला हसली का होईना.

मग रक्ताच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्तात काही खुणा असतात, त्यांना मार्कर म्हणतात. वॉचमन किती बिथरलाय, याचा अंदाज त्यावरून येतो. बाई रिपोर्ट माझ्या नाही, तिच्या हातात द्यायच्या. औषधाने मार्कर खाली आले, तेव्हा मी लगेच विचारलं, "मग केस कधी येणार?"

"तो शांत होतोय, एवढं रक्त सांगतं. केसांचं वचन मी देणार नाही."

गोड बोलून वेळ मारून नेता आली असती, नाही का? बाईंनी तसं केलं नाही, म्हणून आम्ही त्यांच्यावर विसंबलो. थोडी लव आली, गेली, परत आली. लेक मात्र शाळेत जायला लागली, टोपी घालून.

आज निघताना मी सवयीने टोपी तिच्या डोक्यावर ठेवायला गेले. एवढं भरलेलं सभागृह, लोक बघतील, एसीचा गारठा बाधेल. कारणांना माझ्याकडे तोटा नसतो. तिने टोपी काढून माझ्या पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "आई, वॉचमनला सांग, मी घरचीच आहे."

बाई, ती तिसऱ्या रांगेत बसलीय. टोपी अजून माझ्याच पर्समध्ये आहे.

तुमचे उपकार फिटायचे नाहीत. मला बोलू दिलंत, त्याबद्दल आयोजकांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर एका आईची जास्तीची काळजी समजून पोटात घालावं.